जहाजी साहेब जॉर्ज टॉमस : एका आयरिश शिपायाच्या चाकरीचा हिशेब

हरियाणांत झज्जरच्या बाजूस जहाजगड या नांवाचें एक गांव आहे. समुद्र तेथून शेंकडों कोस दूर, आणि गलबत चालेल अशी नदीहि जवळ नाहीं. हिसार शहरांत 'जहाज कोठी' म्हणून एक जुनी इमारत आहे. तींत आतां वस्तुसंग्रहालय आहे. हीं दोन्ही नांवें एकाच पुरुषाच्या स्मृतीचीं आहेत. आयर्लंडमधून खलाशी होऊन आलेला, मद्रासेस आरमारांतून पळालेला, आणि त्यानंतरच्या वीस वर्षांत बेगम समरूचा नोकर, अप्पा खंडेरावाचा फौजबंद सरदार व शेवटीं हांशीचा धनी झालेला जॉर्ज टॉमस तो हाच. उत्तरेकडील लोक त्यास 'जहाजी साहेब' म्हणत. 'जॉर्ज' या उच्चाराचाच 'जहाज' झाला असें कांहीं म्हणतात. तो जहाजावरून आला म्हणून हें नांव पडलें असें दुसरे म्हणतात. आमच्या मतें या दोन व्युत्पत्तींत निवड करण्याचें कारण नाहीं. जें नांव कानाला जवळचें वाटलें तेंच अर्थालाहि जुळलें, म्हणून तें टिकलें.

या पुरुषाचें चरित्र इंग्रजींत अनेकांनीं लिहिलें आहे. सन १८९२ त कॉम्प्टननें हिंदुस्थानांतील यूरोपीय साहसी पुरुषांवरील आपल्या ग्रंथांत त्यास मानाचें स्थान दिलें. त्याच्या मागून कीन व इतर झाले. या सर्वांचा सूर साधारण एकच आहे : टॉमस शूर, उदार व दिलेल्या शब्दाला जागणारा, त्याचे मराठे धनी मात्र कृपण, कपटी व कृतघ्न. आम्हीं स्वतः शाळेंत इतिहास शिकवीत असतांना हाच निवाडा पुष्कळ वर्षें मुलांस सांगितला, हें येथें कबूल केलें पाहिजे. निवृत्तीनंतर मूळ साधन सावकाश वाचण्यास सवड मिळाली, तेव्हां या निवाड्याचा पाया किती अरुंद आहे तें ध्यानांत आलें. म्हणून टॉमसच्या चाकरीचा हिशेब, कोणी कोणास काय देणें होतें या दृष्टीनें, पुन्हां मांडून पाहण्याचें योजिलें आहे.

प्रथम साधनाविषयीं. सर्व चरित्रांचें मूळ एकच, तें म्हणजे कंपनीच्या पायदळांतील कॅप्टन विल्यम फ्रँकलिन यानें लिहिलेलें पुस्तक. तें सन १८०३ त कलकत्त्यास छापलें व सन १८०५ त लंडनला पुन्हां निघालें. सन १८०२ त, सर्वस्व गमावून कंपनीच्या मुलखांत आश्रयास आलेला टॉमस व फ्रँकलिन यांची गांठ काशीस पडली, आणि टॉमसनें आपली हकीकत त्यास सांगितली. फ्रँकलिन एक नवल नमूद करतो : रोजच्या वहिवाटीनें फारसी आपल्याला मातृभाषेहून अधिक सोपी झाली आहे, तेव्हां वृत्तांत फारसींतच सांगतों, असें टॉमस म्हणाला. लहानपणीं धड लिहिणेंवाचणें न शिकलेल्या खलाशाची ही विद्या लहान नव्हे. पण साधन म्हणून पाहतां तीन गोष्टी विसरतां येत नाहींत. हकीकत पराभवानंतर सांगितलेली आहे. ती सांगणाऱ्यास कंपनी सरकारची मर्जी हवी होती. आणि लिहून घेणारा त्याच सरकारचा नोकर होता. पुस्तक निघालें त्याच सालीं इंग्रजांचें शिंद्यांशीं युद्ध जुंपलें. शिंद्यांचा सरदार कृतघ्न होता असें म्हणणारें पुस्तक त्या वेळीं कलकत्त्यास किती गोड लागलें असेल, हें सांगावयास नको.

टॉमसचा जन्म सन १७५६ च्या सुमारास टिपरेरी परगण्यांत, रॉस्क्रे या गांवीं झाला असें मानतात. घरची स्थिति गरिबीची. यॉल बंदरावर हमाली करीत असतां त्यास जबरदस्तीनें आरमारांत भरती केलें अशी कथा आहे. त्या काळीं इंग्रजी आरमार माणसें अशींच धरून नेई, म्हणून कथेंत अशक्य कांहीं नाहीं. सन १७८१-८२ च्या सुमारास त्याचें जहाज मद्रासेस लागलें आणि तो उतरून नाहींसा झाला. कांहीं वर्षें त्यानें दक्षिणेकडील पाळेगारांच्या पदरीं काढलीं. मग सारा मुलूख ओलांडून सन १७८७ च्या सुमारास दिल्लीस पोंचला. मद्रास ते दिल्ली हा पल्ला त्यानें कोणाच्या सोबतीनें काटला याविषयीं पुस्तकांत फारसें कांहीं नाहीं, आणि आम्हांसहि तर्काचे घोडे दामटण्याची हौस नाहीं.

सरधन्याच्या बेगम समरूनें त्यास चाकरीस ठेविलें. सन १७८८ त बादशहा शाहआलम नजफकुलीखानावर गोकुळगडास चालून गेला असतां रात्रीं छावणीवर छापा पडला व बादशहाच संकटांत सांपडला. त्या प्रसंगीं बेगमेच्या पलटणींनीं त्यास वांचविलें, आणि त्या पलटणींत टॉमस पुढें होता. बेगमेनें त्यास टप्पल परगण्याचा कारभार सांगितला, आपल्या पदरच्या एका मुलीशीं त्याचें लग्न लावून दिलें. पण फ्रेंच अधिकारी ल व्हासू याचें वजन वाढलें तसा टॉमस मागें पडला. सन १७९२ त त्यानें सरधना सोडलें आणि अनूपशहरास इंग्रजी छावणीच्या आश्रयानें दिवस काढूं लागला. येथेंच अप्पा खंडेरावाचें बोलावणें त्यास आलें.

अप्पा खंडेराव हा महादजी शिंद्यांचा जुना सरदार. सन १७८४ त द बॉयनेनें पहिल्या दोन पलटणी उभारल्या त्या याच खंडेरावाच्या हाताखालीं बुंदेलखंडांत कामास लागल्या होत्या. म्हणजे कवायती कंपूची किंमत ओळखणाऱ्या पहिल्या मराठी सरदारांत त्याची गणना केली पाहिजे. सन १७९३ त त्याची स्थिति मात्र बिकट होती. हातीं मेवाताचा मुलूख, तेथील मेव वसूल देईनात. वसूल नाहीं म्हणून फौजेस पगार नाहीं, आणि पगार नाहीं म्हणून वसूल करावयास फौज हलेना. त्यानें टॉमसला हजार पायदळ व शंभर स्वार उभे करण्यास सांगितलें, आणि रोख पैशाऐवजीं तिजारा, टपुकडा व फिरोजपूर हे परगणे नेमून दिले. वाचकांच्या ध्यानांत येईलच कीं, ही वेतन देण्याची रीत नसून वेतन मिळवून घेण्याची सनद होती. परगणा हाताखालीं नाहींच. तो तलवारीनें घ्यावा, वसूल करावा व त्यांतून शिपायांचें पोट भरावें. टॉमस तिजाऱ्याजवळ पहिला मुक्काम करून राहिला, त्याच रात्रीं मेवांनीं त्याच्या छावणीच्या ऐन मध्यांतून घोडा चोरून नेला. परगणे 'नेमून दिले' याचा अर्थ काय, तें या चोरीवरून कळतें.

इंग्रज ग्रंथकार या व्यवहारास अप्पाची लबाडी म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. त्या वेळीं उत्तर हिंदुस्थानांत रोख वेतन नियमानें देणारी फौज जवळजवळ एकच, द बॉयनेची. आणि तिच्या खर्चासाठीं महादजीनें दुआबांतला सुपीक मुलूख तोडून दिला होता. जें द बॉयनेस अलीगडाभोंवतीं मिळालें तेंच टॉमसला मेवातांत मिळालें. रीत एक, जमीन वेगळी. महादजीच्या इतर सरदारांच्या वांट्यास उरलेली जमीन अशीच होती. कौटिल्यानें सैन्याचीं व्यसनें सांगतांना 'अभृत' म्हणजे ज्यास वेतन पोंचलें नाहीं असें सैन्य वेगळें गणलें आहे, आणि वेतन हातावर पडतांच तें लढतें, असाहि अभिप्राय दिला आहे. अप्पा खंडेरावाचें सर्व बळ असें अभृत होतें. तो टॉमसला फसवीत नव्हता. तो स्वतः त्याच खड्ड्यांत उभा होता.

याचा पुरावा फ्रँकलिनच्याच पुस्तकांत आहे. थोड्याच काळानें अप्पाच्या स्वतःच्या फौजेनें पगारासाठीं बंड करून त्यास कोटपुतळीस अडकवून ठेविलें. टॉमस आपल्या माणसांनिशीं धांवला व त्यास सोडवून आणिता झाला. तेव्हां अप्पानें त्यास आपला पुत्र मानिलें, हत्ती व पालखी यांसाठीं पैसे दिले, आणि झज्जर, बेरी, मांडोठी व पटौदा हे मुलूख लावून दिले. पालखीचा मान आपल्याकडे कोणास व केव्हां मिळे, हें दप्तरें चाळणारास सांगणें नलगे. खलाश्याचें पोर सात-आठ वर्षांत पालखीस पात्र झालें. बेरीचा किल्ला मात्र आंतील राजपूत व जाट भांडून राखीत होते. तो घेतांना टॉमसचा जीवच जावयाचा. येथेंहि दान म्हणजे लढण्याचा परवाना.

सन १७९४ च्या फेब्रुवारींत महादजी पुण्याजवळ वानवडीस वारले. त्यानंतर दिल्लीकडील शिंदेशाहीचा धनी दक्षिणेंत व सरदार उत्तरेंत अशी अवस्था झाली. अप्पा व टॉमस यांचें बिघडलें तें या काळांत. टॉमस म्हणतो, अप्पानें आपल्याला धरण्याचा घाट घातला, आणि हरद्वाराकडे जाणाऱ्या गोसाव्यांच्या एका जमावास पैशाचें आमिष दाखवून आपल्यावर घातलें. गोसाव्यांच्या झुंडी त्या काळीं पैसे घेऊन लढत, तेव्हां गोष्ट अशक्य नाहीं. पण याच्या पुढची गोष्ट तोच सांगतो. सन १७९७ त दुखण्यानें गांजलेल्या अप्पानें त्यासच भेटीस बोलाविलें; आपल्या पुतण्यास, वामनरावास, त्याच्या हवालीं करावें असा त्याचा हेतु होता. टॉमस पोंचण्यापूर्वींच अप्पानें यमुनेंत देह टाकला. मरणाच्या दारीं आपलें घर ज्याच्या ओटींत घालावेंसें वाटलें, त्याच्याविषयीं या म्हाताऱ्याच्या मनांत शेवटीं काय उरलें होतें? कृतघ्नतेचा आरोप करणारे ग्रंथकार ही ओळ वाचून पुढें जातात. आम्हांस तेथें थांबावेंसें वाटतें. देणेंघेणें फाटलें होतें, पण ज्या नात्यानें पालखी दिली तें नातें अप्पानें मोडलेलें नव्हतें.

मध्यंतरीं सन १७९५ त सरधन्यास उत्पात झाला. बेगमेच्या पलटणी बिथरल्या. पळून जातांना ल व्हासूनें स्वतःस गोळी घालून घेतली, बेगम कैद झाली व तिला तोफेला बांधून ठेवण्यापर्यंत मजल गेली. तिनें टॉमसला लिहिलें. हीच बाई थोड्या दिवसांपूर्वीं त्याच्यावर फौज घेऊन निघाली होती. टॉमसनें सहारनपूरच्या बापू शिंद्यास द्रव्य कबूल करून हलविलें, स्वतः मागोमाग गेला, आणि बेगमेस पुन्हां गादीवर बसविलें. या कृत्यास इंग्रज ग्रंथकार देतात ती प्रशंसा आम्हीहि हात न आंखडतां देतों.

वामनरावाशीं त्याचें जमलें नाहीं. पुतण्यानें परगणे परत मागितले. टॉमसनें पूर्वीं जिंकून व सुधारून घेतलेला मुलूख सोडण्याचें नाकारलें. येथें दोघांचेंहि म्हणणें आपापल्या परी न्याय्य होतें, कारण व्यक्तिगत चाकरीसाठीं दिलेला सरंजाम देणाऱ्याच्या मरणानंतर कोणाचा, हा वाद आपल्या राज्यांत कोणत्या घराण्यांत झाला नाहीं? टॉमसनें यांतून तिसरी वाट काढली. सन १७८३ च्या 'चाळिसा' दुष्काळानें ओसाड पडलेली हांशी कोणाच्याच ताब्यांत धड नव्हती. ती त्यानें सन १७९७-९८ त बळकावली, कोट दुरुस्त केला, लोक वसविले. पांच-सहा हजार वस्ती झाली, तोफा ओतण्याचा व बंदुका घडविण्याचा कारखाना निघाला, टांकसाळहि घातली. सुमारें अडीचशें गांवें त्याच्या अमलाखालीं आलीं.

त्याच्या टांकसाळीचा रुपया संग्राहकांस ठाऊक आहे. तो अत्यंत दुर्मिळ. त्यावर नांव शाहआलमाचें, टांकसाळीचें नांव साहिबाबाद, आणि कोपऱ्यांत इंग्रजी 'टी' हें अक्षर. 'हांशीचा स्वतंत्र राजा' असें त्यास म्हणणारांनीं हा रुपया एकदां तळहातावर घेऊन पाहावा. बादशहाच्या नांवानें नाणें पाडण्याचा शिष्टाचार शिंद्यांपासून जयपूरकरांपर्यंत सर्वच पाळीत, म्हणून एवढ्यावरून तो अंकित ठरत नाहीं हें खरें. पण त्या एका अक्षरापलीकडे जाण्याचें धाडस त्यानें केलें नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

हांशीचा धनी म्हणून त्याच्या हिशेबांतील एक बाब आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. लढाईंत जायबंदी झालेल्या शिपायांस तो निर्वाहाची नेमणूक देई. मेलेल्यांच्या बायकामुलांस त्या त्या हुद्द्याचें अर्धें वेतन चालवी. ज्यानें दहा वर्षें थकबाकीसाठीं धन्यांचीं दारें झिजविलीं, त्यानें स्वतः धनी होतांच ही तरतूद केली. हा पैसा कोठून येई हा प्रश्न निराळा. जयपूर, बिकानेर, पतियाळा यांच्या रयतेस विचारलें तर तिनें त्याचें उत्तर आनंदानें दिलें नसतें.

सन १७९९ ची शेखावाटींतील फतेहपूरची लढाई, शिखांवरील स्वाऱ्या, हीं सर्व युद्धें विस्तारानें वर्णन करण्याचें येथें प्रयोजन नाहीं. फतेहपुराविषयीं एवढेंच कीं, वामनराव व टॉमस त्या वेळीं पुन्हां एकत्र होते. जयपूरकरांनीं वाटेवरच्या विहिरी बुजविल्या, तेव्हां टॉमसनें वाळूंतून लांब मजल मारून फतेहपूरच्या विहिरी गांठल्या आणि कांटेरी झाडें तोडून छावणीभोंवतीं कुंपण घातलें. सन १८०० त मेवाडांत लखबादादांविरुद्ध अंबाजी इंगळ्यांच्या वतीनें तो लढला. मध्येंच शिंदे दरबारचा रोख फिरून लढाई थांबविण्याचे हुकूम आले. टॉमसचें उत्तर असें कीं, ज्यानें कामास लाविलें त्या अंबाजीनें सांगितल्यावांचून आपण थांबणार नाहीं. चाकरीविषयींची त्याची कल्पना या एका उत्तरांत सांपडते : ज्याची भाकरी त्याचा हुकूम. सरकार, दौलत, मुख्य धनी हीं नांवें त्यास दूरचीं होतीं. शिंद्यांची सारी उत्तरेकडील फौज पेराँच्या मुठींत गेली, तेव्हां असा माणूस टिकणें शक्य नव्हतें.

सन १८०१ च्या पावसाळ्यांत बहादूरगडास पेराँची व त्याची भेट झाली. अटी अशा : झज्जरचा मुलूख सोडावा, हांशी ठेवावी, शिंद्यांची चाकरी पत्करावी, दरमहा कोणी पन्नास हजार म्हणतात, कोणी साठ. त्याच वेळीं माळव्यांत यशवंतराव होळकरांनीं दौलतरावांस जेरीस आणलें होतें व टॉमसच्या पलटणी तिकडे हव्या होत्या. टॉमसनें नकार दिला. एका फ्रेंचाच्या हाताखालीं आयरिश राहणार नाहीं असें तो बोलल्याचें लिहिलें आहे. बोलला असेल. पण आयुष्यांत प्रथमच कोणी त्यास नेमणुकीचा रोख आंकडा सांगितला, आणि तोच त्यानें परतविला, ही गोष्ट मनास चटका लावते. चार वर्षें धनीपण भोगल्यावर कितीहि मोठ्या आंकड्यास चाकरी म्हणणें त्यास जमेना.

२९ सप्टेंबर १८०१ रोजीं जहाजगडाजवळ पेराँच्या फौजेचा नायक बुर्किन याच्याशीं त्याची लढाई झाली. दोन्ही बाजूंचीं माणसें फार पडलीं. टॉमसचा भरंवशाचा अधिकारी कॅप्टन हॉपकिन्स पाय तुटून मेला. शत्रूच्या बाजूनें लढणारा जेम्स स्किनर लिहितो कीं, टॉमसनें दुसऱ्या दिवशीं हल्ला केला असता तर रण त्याचें होतें. पण तो दारूंत बुडाला. वेढा पडला, वैरण संपली, माणसें फुटलीं. नोव्हेंबरांत तो घोड्यावर बसून हांशीस निसटला, तेथेंहि वेढा आला, आणि डिसेंबराच्या अखेरीस तो अटी ठरवून शरण गेला. त्या अटी बऱ्या मिळाल्या त्या स्किनरप्रभृति शत्रुपक्षाच्या अधिकाऱ्यांच्या आग्रहामुळें.

स्किनरच्या आठवणींत एक प्रसंग आहे. शरणागतीनंतर एका रात्रीं मेजवानीहून परततांना किल्ल्याच्या दारीं पहारेकऱ्यानें टॉमसला हटकलें. सवयीप्रमाणें 'साहेब बहादूर' असें उत्तर गेलें. पहारेकरी नवा, पेराँच्या पलटणींतला. त्यानें ती पदवी मानली नाहीं. टॉमसनें तलवार उपसून त्याचा हात तोडला. सकाळीं शुद्धीवर आल्यावर त्यास पश्चात्ताप झाला व त्यानें त्या शिपायास पांचशें रुपये दिले. जायबंदी शिपायास नेमणूक देणाऱ्या हांशीच्या धन्यानें केलेला हा शेवटचा खर्च असावा.

तेथून तो अनूपशहरावरून कंपनीच्या हद्दींत गेला. लॉर्ड वेलस्लीपुढें नकाशा ठेविला असतां टॉमसनें पंजाबवर पंजा ठेवून 'हें सर्व लाल झालें पाहिजे' असें म्हटल्याची कथा प्रसिद्ध आहे. असलेंच वाक्य रणजितसिंहाच्याहि तोंडीं घालतात. आम्हां संस्कृत शिकलेल्यांस याचें नवल नाहीं. कोणाचेंहि सुभाषित कालिदासाच्या नांवावर चढतेंच. पंजाब जिंकून इंग्रजांस देण्याची तयारी त्यानें हांशीस असतांना दाखविली होती, एवढें मात्र फ्रँकलिनवरून निश्चित आहे, आणि पंजाबांतील किंवा मराठी वाचकानें तें विसरूं नये.

गंगेच्या वाटेनें कलकत्त्यास जात असतां बंगाल्यांत बहरामपूर येथें २२ ऑगस्ट १८०२ रोजीं तापानें त्याचें देहावसान झालें. वय सुमारें शेचाळीस. त्याच्या चाकरीची ही एक बाजू झाली, आणि ती त्याच्याच तोंडची आहे. अप्पा खंडेरावाची बाजू सांगेल असा कागद शिंद्यांच्या उत्तरेकडील कारकुनांच्या, वकिलांच्या अगर सावकारांच्या घरीं निघण्याचा संभव आहे. मेवात, झज्जर, नारनौळ यांचे हिशेब ज्या संग्राहकांपाशीं असतील त्यांनीं सन १७९३ ते १७९७ चे रुमाल सोडतांना 'फिरंगी', 'जहाजी' अथवा 'साहेब' अशा मोघम उल्लेखांपाशीं थांबावें. मोडी लिहिणारा कारकून आयरिश नांव कानास पडेल तसें लिहिणार. तेव्हां नांव नीट लागलें नाहीं म्हणून कागद बाजूस टाकूं नये.

टॉमसचा कुटुंबकबिला त्याच्याबरोबर पूर्वेस गेला नाहीं. तो सरधन्यास, जिच्या चाकरींतून तो सन १७९२ त निघाला होता त्या बेगम समरूच्या आश्रयास राहिला, आणि सन १८३६ त बेगम वारली तोंपर्यंत तिनें त्याच्या मुलांची हयगय केली नाहीं.